बाविसावी सुई

दुखत होता माझा उजवा खांदा, आणि त्या माणसानं पहिली सुई घातली माझ्या डाव्या पायात. नडगीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याखाली वीतभर. मी बी.ए. होते, सेकंड क्लास. त्यामुळे मला ताबडतोब कळलं, की हा माणूस वेडा आहे.

बी.ए.चं मुद्दाम सांगतेय, कारण तेव्हा मी ते सगळ्यांना मुद्दामच सांगत असे. दूधवाल्याला सांगितलं होतं, पोस्टमनला सांगितलं होतं, आणि पाण्याच्या टँकरपाशी रांगेत माझ्या पुढे घुसलेल्या एका बाईलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "आसंल बया. पर घागर मागं घे."

बहात्तरच्या दुष्काळाचं ते साल. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. आमचे हे दुष्काळी कामांवर ओव्हरसियर. सकाळी साडेसातला जीप येई आणि ह्यांना पाझर तलावाच्या कामावर घेऊन जाई. संध्याकाळी सहानंतर तीच जीप धुळीचा एक पुतळा आणून दारात उतरवी. पुतळा जेवायचा आणि झोपायचा. देवळाली प्रवरेत आक्कांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. आक्का आमच्या घरमालकीण. माणूस मायेचं, पण बोलायला लागल्या की पहिलं वाक्य कुठलं होतं ते शेवटी त्यांनाही आठवत नसे. मी नगर शहरात वाढलेली, त्यामुळे त्यांच्याशी काय बोलायचं, असा माझा तोरा. दिवसभर खोलीत बसून मी जुनी मासिकं वाचायची आणि इथं माझ्या तोडीचं माणूस नाही म्हणून उसासे टाकायची.

त्याच टँकरच्या रांगेत मी एकदा घसरून पडले. पडताना हात वाचवायचा सोडून घागर वाचवली. घागरीला पोचासुद्धा आला नाही. हात मात्र खांद्यापाशी मोडला आणि दीड महिना गळ्यात अडकून राहिला. मोकळा झाला तेव्हा लाकूड झाला होता. छातीच्या वर जाईना. पदर सावरता येईना, फळीवरचा डबा काढता येईना, आणि सगळ्यात मोठी नामुष्की म्हणजे स्वतःची वेणी घालता येईना. ती आक्का घालून द्यायच्या, इतकी घट्ट, की दिवसभर माझे डोळे तिरपे दिसायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, "चल हवालदाराकडं. पलीकडच्या आळीत तर हाय. सुया टोचतो आन् कसरत करून घेतो."

"सुया? औषधाच्या?"

"न्हाई बाई, नुसत्याच."

त्यांना सगळे हवालदारच म्हणत. फौजेच्या इस्पितळात मालिश आणि कसरतीच्या खात्यात त्यांची नोकरी झालेली. हातपाय मोडलेल्या शिपायांना पुन्हा चालतं करायचं, हे त्यांचं काम. मी पाहिलं तेव्हा साठी उलटलेली होती. उंच, वाळलेले, खाकी अर्धी चड्डी, पांढरी बंडी, आणि मिशा अशा की रोज सकाळी पट्टी लावून बसवत असावेत. घरात दुसरं कुणी नाही. बायको तरुणपणीच गेली होती, मूल नव्हतं. एक पुतण्या मुंबईला होता, तो फक्त बोलण्यात यायचा.

"काका, खांदा दुखतोय. खांदा!" सुई पायात गेल्यावर मी ओरडले.

"ऐकू येतंय मला."

"मग पायात कशाला?"

"खांदा रुसलाय तुमचा. रुसलेल्या मान्साशी थेट बोलू नये, आनखी फुगतो. त्याच्या सासरी निरोप धाडावा."

"आणि खांद्याचं सासर म्हणजे पाय?"

"डावा," ते गंभीरपणे म्हणाले. "उजवा पाय म्हंजे मावसभाऊ. त्याचं कोन ऐकतं?"

मग चिमटीत धरून त्यांनी ती सुई हळूच फिरवली. पायात आत काहीतरी जड झालं, मुंग्यांची एक रांग घोट्यापर्यंत गेली. "लागली?" त्यांनी विचारलं. लागली होती. "आता करा हात वर." हात रोजच्यापेक्षा चार बोटं जास्त वर गेला. मी अर्थातच मान्य केलं नाही. म्हटलं, आज हवा बरी आहे.

शरीर म्हणजे एकत्र कुटुंब, असं त्यांचं म्हणणं. एकाचं दुखलं तर घरातल्या सगळ्यांची चौकशी करायची. म्हणून सुई घालण्याआधी ते भलभलते प्रश्न विचारत. झोपता कुठल्या कुशीवर? जेवताना पुढ्यात कोण असतं? पोट साफ होतं का? शेवटचं खळखळून कधी हसला? मला त्यांनी विचारलं, "दिवसभर बोलता कुनाशी?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "मी वाचते."

"म्हंजे कुनाशीच न्हाई," ते म्हणाले, आणि आणखी एक सुई मनगटापाशी घातली.

सुया हे निम्मं काम. सुईनं दार किलकिलं होतं, आत जायचं ते आपल्या पायांनी, असं ते म्हणत. वीस मिनिटं सुया, मग गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलचा शेक, मग कसरत. त्यांच्या दारचा आड त्या साली कोरडा पडला होता. कोरड्या आडावर कप्पी काय करायची? त्यांनी ती काढून घरात तुळईला टांगली होती. दोराचं एक टोक दुखऱ्या हातात, दुसरं धडधाकट हातात. धडधाकट हातानं ओढायचं आणि दुखऱ्याला वर न्यायचं. "पानी न्हाई काढत तर हात काढा," असं म्हणून ते समोर उभे राहत आणि फौजेतल्या आवाजात मोजत.

आणि ती भिंत! समोरची पांढरी भिंत गेरूच्या रेघांनी भरलेली. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगळ्यासारखी चालवत हात वर न्यायचा. जिथं थांबेल तिथं हवालदार रेघ ओढत आणि शेजारी तारीख टाकत. प्रत्येकाचं नाव खाली, आणि त्यावर रेघांची शिडी. खडी फोडायला जाणाऱ्या बायांची नावं सगळ्यात जास्त. हातोडा उचलून उचलून त्यांचे खांदे गेलेले असत. कामाचा ट्रक साडेआठला चावडीपासून सुटे, त्याआधी त्या हवालदारांकडे येऊन जात.

तिसऱ्या दिवशी माझी रेघ एकदम वीतभर वर गेली. मी विजयानं मागे वळून पाहिलं.

"टाचा," हवालदार म्हणाले.

"काय?"

"टाचा खाली. खांदा वर न्यायचाय, ओव्हरसियरीनबाई. आख्खं मानूस न्हाई."

गोदा नावाची एक बाई दोर ओढत होती, ती इतकी हसली की दोर सुटून कप्पी गरगरली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंही नाही.

सुयांची ही विद्या त्यांना मिळाली कुठून, हे मी खोदून खोदून विचारत असे. एकदा म्हणाले, लढाईच्या वेळी मलायात कैदेत होतो, तिथल्या छावणीत एक म्हातारा चिनी आचारी होता, त्यानं शिकवलं. पुढच्या आठवड्यात तो आचारी बोटीवरचा धोबी झाला. महिन्याभरानं कळलं, की कलकत्त्यात एक चिनी दातवाला होता, खरा गुरू तोच. मी तिन्ही हकिकती वहीत तारीखवार लिहून ठेवल्या आणि एक दिवस त्यांच्यापुढे वही उघडून धरली. पकडलं ना! हवालदारांनी चष्मा लावून सगळं नीट वाचलं.

"अक्षर चांगलं हाय," म्हणाले.

"पण यातलं खरं कुठलं?"

"तिन्ही. एका मान्साकडनं एवढं कुठं शिकून हुतं?"

दोन महिन्यांनी माझा हात डोक्यामागे गेला. मी स्वतःची वेणी घातली, वाकडीतिकडी, आणि आरशात पाहून घळघळा रडले. तिथंच माझं जाणं संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी ह्यांची जीप गेली, खोलीत मासिकं आणि मी उरलो, आणि पावणेआठला माझे पाय आपोआप पलीकडच्या आळीत वळले. हवालदारांनी मला पाहिलं आणि काही न विचारता म्हणाले, "सुया उकळल्या का बघ." त्या दिवसापासून ओव्हरसियरीणबाईंची 'पोरी' झाली.

सुया त्यांनी नगरच्या एका सोनाराकडून करवून घेतल्या होत्या. पोलादी तारेच्या, केसाहून थोड्या जाड, वरच्या टोकाला तांब्याच्या तारेचं वेटोळं. स्टोव्हवर पातेल्यात त्या उकळायच्या, पंख्यासारख्या ओळीनं फडक्यावर मांडायच्या, आणि काम झालं की पुन्हा पातेल्यात टाकून मोजायच्या. एकूण बावीस. घालताना बावीस, काढल्यावर बावीस. मोजायचं काम माझ्याकडे आलं.

मग त्यांनी मला टोचायलाही शिकवलं. आधी दुधी भोपळ्यावर. एकाच जागी, एकाच खोलीवर, हात न कापता. आठवडाभर मी तो भोपळा टोचला. दुष्काळात भोपळा टाकून कोण देतो? त्याची भाजी केली. हे जेवताना म्हणाले, "आज भाजी फार मऊ झालीय." मी म्हटलं, "नस मोकळी झालीय तिची." ह्यांना काही कळलं नाही, मी मात्र मनात स्वतःला डॉक्टरीण म्हणवून घेतलं. भोपळ्यानंतर बायांच्या मानेवर आणि पाठीवर. बायांनाही ते बरं पडे, पुरुषापुढे पाठ उघडी करायला नको. हवालदार पडद्यापलीकडून विचारत, "लागली?" आणि बाई म्हणे, "लागली." मी वडिलांना पत्रात लिहिलं, की एका जाणकार माणसानं माझ्यातली असामान्य बुद्धी ओळखली आहे. वडिलांनी उलट टपाली विचारलं, की स्वयंपाक येऊ लागला का.

त्या घरातल्या काही गोष्टी मला तेव्हाही दिसत होत्या. दिसत होत्या, कळत नव्हत्या. त्यांचं गजराचं एक घड्याळ होतं, त्यावर ते वीस मिनिटं लावत. माझ्या हातात लग्नातलं घड्याळ. माझ्या लक्षात आलं, की सकाळच्या बायांची वीस मिनिटं वीसच असतात. पण दुपारी जो शेवटचा पेशंट येई, त्याची वीस मिनिटं कधी पस्तीस होत, कधी चाळीस. मी शास्त्रीय बाण्यानं त्यांच्या नजरेस आणून दिलं.

"काका, तुमचं घड्याळ दुपारी मागे पडतं."

"शेवटच्याला जरा जास्त लागतं," ते म्हणाले.

मी घड्याळ उघडलं, काटा दुरुस्त केला आणि त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर दुपारचा पेशंट बरोबर वीस मिनिटांनी उठून जाऊ लागला. मी केवढं मोठं काम केलं होतं, पाहिलंत ना!

दुसरी गोष्ट भिंतीवरची. कोपऱ्यात दाराआड एक शिडी होती, तिच्याखाली नाव नव्हतं. आणि तिच्या रेघांजवळच्या तारखा वरून खाली येत होत्या. बाकी सगळ्यांचे हात वर चढत होते, हा एकच हात खाली उतरत होता. मला वाटलं, तारखा टाकताना म्हाताऱ्याचा घोळ झाला असेल.

गोदाचा तो प्रकार झाला, तो मंगळवार होता की बुधवार ते आठवत नाही. सकाळी तीन बाया होत्या, सगळ्या सुया लागल्या होत्या. हवालदार एकेक सुई काढून पातेल्यात टाकत होते. सुया काढून झाल्या, की ते पेशंटच्या हातापायावरून तळवा फिरवत, एखादी राहिली असली तर लागावी म्हणून. तसा त्यांनी फिरवला. त्या वेळी मी काय करत होते? एक नवी बाई आली होती, तिला मी मज्जातंतू म्हणजे काय हे समजावून सांगत होते. मेंदूपासून निघालेली तार अन् काय काय. ती बिचारी तोंडात पदर धरून ऐकत होती आणि मला स्फुरण चढलं होतं.

"पोरी, किती?" हवालदारांनी विचारलं.

"बावीस," मी म्हटलं, आणि मेंदूकडे परत वळले.

पातेल्याकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

बाया ट्रकवर गेल्या, मी घरी आले. पुढचं मला संध्याकाळी ह्यांच्याकडून कळलं. हे त्या दिवशी धुळीचा पुतळा नव्हते, हसून हसून बेजार झालेले होते. "तुझे हवालदार आज कामावर आले होते," म्हणाले, "भर उन्हात, सायकल मारत." सुया पुन्हा उकळायला घेताना एकवीसच निघाल्या होत्या. हवालदारांनी घर झाडलं, चटई झटकली, आणि मग सायकल काढली. पाझर तलावाचं काम तिथून सात-आठ मैल. पोचले तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती, बाया दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी खात बसल्या होत्या. हवालदार गोदापुढे उभे राहिले, घामानं निथळत. गोदानं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. नडगीला सुई. वाकलेली, पण जागच्या जागी.

"आगं, सुई ऱ्हायली हे तुला कळलं न्हाई?"

"कळलं की! सकाळधरनं टोचतीया. पर तुमीच म्हन्ला हुता, मी काडंपतुर हात लावू नगंस. न्हाई लावला मी."

सगळे हसले. हवालदारही हसले, असं हे सांगत होते. मग ते गुडघ्यावर बसले आणि सुई काढायला गेले. बोटं सुईवरून घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा अंगठा आणि बोट सुईच्या शेजारी नुसतंच मिटलं, हवेवर. आता मात्र कुणी हसेना. शेवटी गोदाच म्हणाली, "सरा हवालदार," आणि काटा काढावा तशी सुई उपसून त्यांच्या हातावर ठेवली. हवालदारांनी ती रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली, गोदाला "दुखलं का गं" विचारलं आणि सायकल हातात धरून चालत निघाले.

"हात गेलाय त्यांचा," हे म्हणाले. आता त्यांचंही हसू मावळलं होतं. "अंगठ्यात काही उरलेलं दिसत नाही."

बिननावाची ती शिडी त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. माझं भाषण तयार होतं, की काका, चूक माझी. दोन बाया होत्या फक्त. गोदा नव्हती. हवालदार डाव्या हातानं टॉवेल पिळत होते. मला पाहून म्हणाले, "आजपासनं सुया बंद, पोरी. माझा तळवा आंधळा झालाय. तिच्या पायावरनं फिरवला मी. सुई हुती, मला लागली न्हाई."

भाषणाची हीच वेळ होती. मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं आणि पिळू लागले.

आठ दिवसांत गोष्ट तालुकाभर झाली. हवालदाराला स्वतःची सुई निघंना, अशी. आळीतल्या बाया यायच्या थांबल्या. एक-दोन म्हातारे गुडघे शेकायला यायचे, तेही कप्पीकडे संशयानं बघत. भिंतीवर नवी रेघ उठेना. हवालदार दाराच्या समोर खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावरून कुणी गेलं की हाक मारत, "काय रं, मान कशी हाय?" मान धडधाकट असलेला माणूस मान हलवून पुढे जाई. ज्या माणसाचे हात दिवसाला पंधरा-वीस जणांच्या अंगावरून फिरत, त्या हातांना आता टॉवेल पिळायचं तेवढंच काम राहिलं होतं. आणि हे मी रोज पाहत होते, चूक पोटात ठेवून.

नवव्या दिवशी त्यांनी पुड्याचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर पाठमोऱ्या माणसाची आकृती होती आणि मानेपासून खांद्यापर्यंत सात ठिपके.

"दुखनं मानेत हाय," म्हणाले. "हात नुसता भोगतोय. वरीसभर चाललंय. एका हातानं दुसऱ्या हातात सुई घालता येती. मानेमागं न्हाई घालता येत. ह्या जागा तुला येत्यात. शिकीवल्यात मी."

खरंच, येत होत्या. भोपळ्यावर आणि मग बायांच्या मानांवर त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले होते ते हेच सात ठिपके. म्हणजे माझी असामान्य बुद्धी वगैरे काही नाही. त्यांना दिसलं होतं ते एवढंच, की हिला दोन हात आहेत आणि दिवसभर दुसरा उद्योग नाही. मला इतका राग आला! स्वतःचा यायला हवा होता, आला त्यांचा. शिवाय परक्या पुरुषाची उघडी पाठ, आक्का काय म्हणतील, आळी काय म्हणेल. "ह्यांना विचारून सांगते," मी म्हटलं.

ह्यांना विचारलं. हे नाही म्हणतील अशी माझी पक्की खात्री होती. हे भाकरी मोडत म्हणाले, "त्यात विचारायचं काय? घाल की."

मग मला सर्दी झाली. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी केस विंचरताना हात डोक्यामागे गेला आणि तिथंच थांबला. तो तिथवर कुणी नेला होता, हे हाताला आठवलं असावं. मला आठवायला चार दिवस लागले होते. मी केस तसेच बांधले आणि निघाले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. मी त्यांना अकरा वेळा सुया घातल्या. मानेच्या कसरती त्यांच्या त्यांनी केल्या, फौजेतल्यासारख्या, स्वतःलाच मोजून दाखवत. अंगठ्याला थोडी जाग आली. बंडीची गुंडी लावता येऊ लागली, पेन धरता येऊ लागलं. सुईवर मात्र त्यांनी पुन्हा भरवसा टाकला नाही. गोदा सगळ्यांच्या आधी परत आली. दारातूनच म्हणाली, "सुई नगं. पर दोर वडाया येते." तिच्यामागून आणखी दोघी आल्या. वर्ष संपायच्या आत ह्यांची धुळ्याकडे बदली झाली. माझ्या पहिल्या दोन पत्रांना हवालदारांची दोन कार्डं आली, तिसऱ्याला उत्तर नाही. मीही मग चौथं लिहिलं नाही. बी.ए. माणसं अशीच असतात.

पण सांगायचा होता तो पहिला दिवस. ती सकाळ.

ते पेशंटच्या बाजेवर पालथे झोपले. त्या बाजेवर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बंडी काढलेली. चेहरा आणि हात उन्हानं रापलेले, पण पाठ गोरी, लहान मुलाची असावी तशी. सातही सुया मी घातल्या. प्रत्येक वेळी विचारलं, "लागली?" सहा वेळा ते "लागली" म्हणाले. सातव्या वेळी नुसता हुंकार दिला.

मग वाट बघायची. इतर वेळी पेशंटला ते बोलतं करत. आता तेच गप्प. मला ते गप्प बसणं सोसवेना.

"काका, त्या दिवशी मी मोजल्या नव्हत्या."

 मग उशीतून आवाज आला, "ठावं हाय."

"कसं?"

"इचारलं आन् लगीच बावीस म्हन्लीस. बावीस मोजाया येळ लागतो."

"मग बोलला का नाहीत? लोक तुम्हाला हसले. पेशंट तुटले. मला ओरडायचं होतंत सगळ्यांसमोर!"

"वरडलो असतो तर दुसऱ्या दिशी तू आली असतीस का?"

नसते आले. मला ते माहीत होतं, आणि त्यांनाही.

वेळ झाल्यावर मी सुया काढल्या. एखादी राहिली नाही ना, हे बघायला त्यांनी शिकवलं होतं तसा पाठीवरून तळवा फिरवला. मानेखाली हात आला तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा."

"दुखतंय का?"

"न्हाई. दुखत न्हाई. नुसता ऱ्हाऊ दे हात."

बाहेर आक्कांचा आवाज आला, कुणाशी तरी टँकर कधी येणार ते बोलत चालल्या होत्या. दार सताड उघडं होतं. मी तव्याला हात लागल्यासारखा हात उचलला आणि पदर सारखा केला.

"निघते मी," म्हटलं. "हे घरी आले असतील."

सकाळचे नऊ वाजले होते. ह्यांची जीप सहाच्या आत कधी येत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

"मंग जा," ते म्हणाले. उठले नाहीत, मान वळवली नाही. मी उंबऱ्यापाशी पोचले आणि सवयीनं दाराला हात घातला, तेव्हा मागून पुन्हा आवाज आला.

"लोटू नगंस पोरी. उघडंच ऱ्हाऊ दे."